फोटोला पत्ता हवा



गेल्या हनुक्काच्या सुट्टीत आमच्या वेम्बलीच्या घरी नातवंडं जमली होती. बाहेर पाऊस, आत बटाट्याची भजी आणि चहा. धाकटी नात, वय वर्षे अकरा, बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून बसली होती. एकदम म्हणाली, "आजोबा, तुम्ही पन्नास वर्षं फोटो काढलेत ना? मग तुम्ही कुठेच कसे नाही? मी सगळीकडे शोधलं. फेसबुकवर नाही, इन्स्टाग्रामवर नाही. आजीसुद्धा नाही."

आजी कढईपुढून म्हणाली, "अगं, आहोत की! हे काय, भजी तळतेय."

सगळी हसली. पण पोरीचा प्रश्न खोटा नव्हता. तिला पुरं उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आता ह्या पानावर देतो. तिच्या वयाच्या वाचकांनी मोठ्यांकडून वाचून घ्यावं आणि मोठ्यांनी चष्मा लावून.

आधी एक खुलासा. ह्या लेखात "आम्ही" म्हणजे आम्ही नवराबायको. एकाच्या हातात कॅमेरा, दुसरीच्या हातात पेन्सिल. फोटो एकाने काढायचा आणि त्याच्या पाठीवर नाव, गाव, तारीख दुसरीने लिहायची, अशी वाटणी लग्नापासून आहे. त्यामुळे "माझा फोटो" असं म्हणायची सोय आमच्या घरात कुणालाच नाही.

आम्ही १९७१ च्या हिवाळ्यात भायखळ्याहून इकडे आलो. सामानात दोन ट्रंका, एक पुरणयंत्र आणि एक आग्फा क्लिक थ्री. वाचकांपैकी पुष्कळांना हा कॅमेरा आठवत असेल. बडोद्याला बनायचा, काळा, चौकोनी, डब्यासारखा. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बारा. तेरावा हवा असेल तर नवा रोल घ्या, आणि तो धुवायचे पैसे वेगळे मोजा. म्हणून एकेक फोटो काढण्याआधी घरात चर्चा व्हायची. "हा काढू या का?" "कुणासाठी?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असेल तरच खटका दाबायचा.

पुढे इथल्या एका स्टुडिओत काम मिळालं. पासपोर्टचे फोटो, गुजराथ्यांची लग्नं, साउथहॉलच्या पंजाब्यांची लग्नं, बार मित्झ्वा, बारसं, सगळं काढलं. पोट त्यावर भरलं. पण ज्याला आम्ही आमचे फोटो म्हणतो ते सुट्टीतले, प्रवासातले.

मुलांना सांगायला हवं की त्या काळी फोटो काढला म्हणजे दिसला असं नव्हे. रोल संपला की तो कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या दुकानात द्यायचा, नाहीतर पाकिटात घालून पोस्टाने धुवायला पाठवायचा. मग आठवडाभर वाट पाहायची. आपल्या शेजारीच विल्सडन भागात ग्रनविक नावाची प्रयोगशाळा होती. लोकांचे सुट्टीतले रोल पोस्टाने तिथे येत. कामाला बहुतेक आपल्याकडच्या बायका, पुष्कळ जणी गुजराथी, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या. ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई नावाच्या बाई तिथून काम सोडून बाहेर पडल्या आणि संप उभा राहिला. साडी नेसलेल्या बायका फाटकाशी उभ्या आहेत आणि क्रिकलवूडचे गोरे पोस्टमन त्यांच्या बाजूने त्या कंपनीचं टपाल उचलायला नकार देताहेत, हे आम्ही त्याच दिवसांत पाहिलं. संप जुलै १९७८ पर्यंत चालला आणि शेवटी बायकांच्या पदरात काही पडलं नाही. पण तेव्हापासून एक लक्षात राहिलं. आपल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या हसऱ्या फोटोमागे कुणाचा तरी दिवसभर उभं राहून दुखणारा पाय असतो. फोटो फुकट नव्हता आणि आम्हीही तो फुकट मानला नाही.

आता प्रवासाकडे येतो.

दर तीन-चार वर्षांनी आम्ही कोकणात जायचो. जाणार म्हटल्यावर वेम्बली, हॅरोपासून अश्दोद, लोदपर्यंत आपल्या माणसांची पत्रं यायची. निळ्या एरोग्रामवर बारीक अक्षरात यादी असे. आमच्या घराचा फोटो आणा. आजोबांच्या कबरीचा आणा. आळीतल्या चिंचेचा आणा, असली तर. आपली आडनावंच गावांची. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, किहीमचे किहीमकर, अष्टमीचे अष्टमकर. गाव सुटून दोन पिढ्या झाल्या तरी गाव नावाला चिकटलेलं. मुलांनो, तुमचं आडनाव नकाशावर शोधून पाहा. बहुधा रायगड जिल्ह्यात सापडेल.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, तिथून एस.टी.ने अलिबाग. अलिबागेला इस्त्राएल आळी आणि मागेन आबोथ, म्हणजे जुनी मंडळी जिला मशीद म्हणायची ते आपलं सिनेगॉग. मग नवगाव. गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना तिथे मूठमाती दिली, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो, ती जागा. मग खंडाळे. घाटातला खंडाळा नव्हे, अलिबागजवळचा. तिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात. तिथे मलिदा करायचा आणि परत फिरायचं. प्रत्येक ठिकाणी यादी काढायची, कुणासाठी किती फोटो ते मोजायचं आणि रोल जपून वापरायचा.

१९८७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगतो. दिमोनाला आमच्या नात्यातल्या एक मावशी राहत होत्या. १९६४ साली गाव सोडून गेलेल्या. त्यांचं पत्र आलं, "घराचा फोटो आणा. पायऱ्या दिसल्या पाहिजेत." गाव रेवदंड्याच्या वाटेवरचं. आम्ही शोधत गेलो. घर नव्हतं. दोन पावसाळ्यांपूर्वी भिंत बसली, वासे कुणी विकले, कौलं कुणी नेली. राहिलं होतं जोतं, तीन दगडी पायऱ्या आणि मागची विहीर.

शेजारच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत आली. आमच्याकडे निरखून पाहिलं न् म्हणाली, "शनवार तेल्यांची का तुम्ही?" आम्ही हो म्हटलं. मावशीचं लहानपणचं लाडाचं नाव तिला पाठ होतं. "कशी हाय ती? पोरंबाळं किती?" असं विचारत ती त्याच पायरीवर बसली. जाताना पदराच्या गाठीतून आमसुलांची पुडी काढून दिली, "तिला द्या."

कॅमेऱ्यात चार फोटो उरले होते. आमच्या दोघांत तिथेच वाद झाला. एकाचं म्हणणं, हे पडकं दाखवून त्या बाईला रडवायचं कशाला? रोल खराब झाला म्हणून सांगू. दुसरीचं म्हणणं, खोटं बोलायचं नाही. त्या माणसाने मागितलंय ते द्यायचं, पण हातात द्यायचं, समोर बसून द्यायचं. शेवटी पेन्सिलवालीचं खरं झालं. पायरीवर बसलेल्या म्हातारीसकट फोटो काढला.

फोटो वेम्बलीला धुतला, पाठीवर नाव-तारीख लिहिली आणि पाकीट आठ महिने कपाटात ठेवलं. पोस्टाने पाठवलं नाही. ऑक्टोबरात आम्ही इस्राएलला गेलो, तेव्हा बीरशेबावरून बसने दिमोनाला उतरलो. मावशींनी चहा केला. आम्ही आधी आमसुलं दिली, मग सांगितलं, मग पाकीट दिलं.

त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग तिसऱ्या पायरीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे मी पडले होते," आणि भुवईवरची जुनी खोक दाखवली. डोळे पुसले. मग विचारलं, "हा फोटो आणखी कुणाला दाखवलात? अश्दोदला माझ्या बहिणीला?"

आम्ही म्हटलं, "नाही मावशी. तुमचा आहे, तुम्हालाच आधी."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "तिला मी सांगेन. तिला सांगण्याचं काम माझं आहे."

तेव्हा हे वाक्य आम्हाला साधंच वाटलं. त्याचं वजन कळायला पंचवीस वर्षं जावी लागली.

फेसबुक निघालं २००४ साली. आमच्या घरात ते २०१० मध्ये आलं. मुलाने खातं उघडून दिलं आणि खरं सांगायचं तर आम्हाला आवडलं. ठाण्याच्या भाचरांची पोरं दिसायची, कुणाच्या घरी चिकाचा हलवा झाला ते कळायचं. आम्हीही अधूनमधून जुने फोटो टाकायला लागलो. आणि आमच्या नकळत एक बदल झाला. एकदा पावसाळ्यात अलिबागच्या किनाऱ्यावर उभे असताना लक्षात आलं की "कुणासाठी?" हा प्रश्न आम्ही आता विचारत नव्हतो. "किती जणांना आवडेल?" असं विचारत होतो. समोर कुलाबा किल्ला, ओहोटीची वेळ, लोक चालत किल्ल्यात निघालेले, आणि आम्ही फोन वर धरून सिग्नल शोधतोय! एकमेकांकडे पाहून हसलो, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मग २०१३ साल आलं. पेन्सिलवालीचे थोरले भाऊ ठाण्याला पहाटे वारले. दफन त्याच दिवशी करायचं, घरात धावपळ. थोरल्या भाच्याने ठरवलं होतं की इकडे उजाडलं, आत्याचा चहा झाला, की आधी आम्हाला फोन करायचा आणि मग सावकाश तिला सांगायचं, कारण तिला दम्याचा त्रास. पण नात्यातल्या एका मुलाने त्याआधीच मामांचा फोटो टाकला, खाली श्रद्धांजली लिहिली. मुलगा गुणी आहे, त्याचा हेतू चांगलाच होता. आजही आम्ही त्याला दोष देत नाही.

ती सकाळी १८२ नंबरच्या बसमध्ये बसली होती. पर्समधून फोन काढला आणि भावाचा चेहरा पाहिला. आधी वाटलं, वाढदिवस असेल. मग खालचं वाचलं. कुठल्या स्टॉपवर उतरली ते तिला आजही सांगता येत नाही. फूटपाथवर एका अनोळखी बाईने तिला धरून बसवलं आणि आमचा नंबर लावला.

रात्री ती एवढंच म्हणाली, "दादा गेल्याचं माझ्याआधी अठ्ठावन्न जणांना कळलं होतं. मी मोजले."

तेव्हा आम्हाला दिमोनाच्या मावशी आठवल्या. सांगण्याचं काम माझं आहे. प्रत्येक बातमीला आणि प्रत्येक फोटोला एक माणूस असतो ज्याला ते आधी कळायला हवं, आणि एक माणूस असतो ज्याने ते सांगायला हवं. तो क्रम चुकला की फोटो तोच राहतो, पण माणसाला लागतं. शिवा संपल्यावर आम्ही खातं बंद केलं. तेव्हापासून आमच्याकडे फोन आहे तो बोलण्यापुरता.

ह्याची किंमत आम्ही मोजली नाही असं नाही. कुणाच्या साखरपुड्याचं बोलावणं "सगळ्यांना टाकलं होतं" म्हणून आम्हाला आलंच नाही. एका मित्राचं ऑपरेशन महिन्यानंतर कळलं, तेव्हा तोंड दाखवायला लाज वाटली. आणि २०१९ मध्ये तर आमचाच पराभव झाला. आमच्याकडे एका लग्नाचा जुना फोटो होता. वधूच्या शेजारी उभी असलेली बाई कोण, हे आम्ही वीस वर्षं शोधत होतो. नातीच्या मोठ्या भावाने फोनवरून तो चार ठिकाणी पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अश्दोदहून उत्तर आलं, "ही माझी आई." त्या बाईंकडे आईचा तरुणपणचा एकही फोटो नव्हता. आम्ही निमूटपणे एक चांगली प्रत काढून पाकिटात घातली. तेव्हा यंत्र वाईट असं आम्ही म्हणणार नाही. त्या दिवशी त्या यंत्राने एका फोटोचा हरवलेला पत्ता शोधून दिला.

पण फोटो जपायचं काम यंत्रावर सोडू नये असंही वाटतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ल्याला आमच्या नातेवाइकांच्या तळमजल्यात पाणी छातीपर्यंत आलं. कपाट बुडालं, त्यात तीन अल्बम. फोटो एकमेकांना चिकटून लगदा झाला. त्यांना वाटलं, सगळं गेलं. पण त्याच घरातून तीस वर्षं आम्हाला पत्रांबरोबर एकेक फोटो येत होता. बारशाचा, मुंजीच्या वयाच्या पोराच्या बार मित्झ्वाचा, नव्या पंख्याचासुद्धा! पेन्सिलवालीने ते सगळे बुटांच्या खोक्यात लावून ठेवले होते. त्यांच्या प्रती काढल्या, ६४ फोटो भरले, आणि कुर्ल्याला परत पाठवले. एका घराचा अल्बम दुसऱ्या घराने सांभाळला, तोही न ठरवता.

यंत्रं काय, येतात आणि जातात. आमच्या घरापासून जवळच, हॅरोला, कोडॅकचा कारखाना होता. १८९१ साली सुरू झालेला. भरभराटीच्या काळात तिथे सहा हजारांच्या घरात माणसं कामाला होती. आम्ही ज्या कागदावर लोकांची लग्नं छापली त्यातला कितीतरी कागद तिथलाच. गंमत अशी की पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन ह्या तरुण इंजिनियरने अमेरिकेत १९७५ मध्ये बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. पुढे त्याच डिजिटलच्या लाटेत कोडॅक बुडू लागली. २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१६ अखेर हॅरोचा कारखानाही बंद पडला. आता तिथे घरं झाली आहेत. वेम्बली स्टेडियमचे दोन पांढरे मनोरे २००३ मध्ये पाडले, तेही आमच्या खोक्यात आहेत, त्यांच्यासमोर आमची मुलं आइस्क्रीम खात उभी आहेत. नातवंडांना फक्त २००७ च्या नव्या स्टेडियमची कमान माहीत.

आता शेवटचं. आपल्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली का म्हणायचे, हे मुलांना ठाऊक असेलच. तेल गाळायचा धंदा, पण शब्बाथला घाणा बंद. बैलाला विश्रांती, माणसाला विश्रांती. गावातलं गिऱ्हाईक येऊन परत जायचं, तरी बंद म्हणजे बंद. आमच्या कॅमेऱ्याचंही तेच. शुक्रवारी दिवे लागले की कॅमेरा कपाटात. त्यामुळे आमच्या आयुष्यातलं जे फार चांगलं होतं ते पुष्कळसं फोटोत नाहीच. काळ्या मनुकांच्या शरबतावर म्हटलेला किद्दुश, मुलीची पहिली पावलं, ती शनिवारी दुपारीच टाकली तिने! ते सगळं नुसतं पाहिलं. आज त्यातलं जितकं लख्ख आठवतं, तितकं फोटोतलं आठवत नाही. हातातला फोन मात्र असा घाणा झालाय की त्याला शनिवारच नाही. आणि बैलाच्या जागी कोण फिरतंय, ते आपलं आपण ओळखावं.

तर नातीला आमचं उत्तर असं. आम्ही कुठेच नाही असं नाही, बाळ. आम्ही दिमोनाच्या एका भिंतीवर आहोत, कुर्ल्याच्या नव्या अल्बममध्ये आहोत, अश्दोदच्या एका उशाशी आहोत. शोधायला थोडा वेळ लागतो, एवढंच.

वाचकांना एक विनंती. ह्या रविवारी घरातला एक जुना फोटो काढा. आजी-आजोबांनी माणसं ओळखावीत, नातवंडांनी पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं, गाव, साल लिहावं. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तेव्हा चिठ्ठी लिहून फोटोबरोबर पाकिटात ठेवावी. चिकटपट्टी लावू नये. मग त्याची एक प्रत काढून ज्याची आहे त्याला पाठवावी, पाकिटावर पत्ता घालून. ज्या फोटोतली माणसं ओळखू येत नाहीत, ते घेऊन शेजारच्या म्हाताऱ्याकडे जावं. आता फार उशीर करून चालणार नाही. आमच्या खोक्यात अजून सतरा फोटो बिननावाचे आहेत, आणि ती नावं सांगू शकतील अशी माणसं दर वर्षी कमी होताहेत.

दिमोनाच्या मावशी १९९८ मध्ये गेल्या. पायऱ्यांचा तो फोटो आता त्यांच्या मुलीकडे आहे. पाठीवर आमच्या पेन्सिलीखाली मावशींनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे, असं तिने कळवलं. पायरीवर बसलेल्या त्या म्हातारीचं नाव. ते विचारायचं आम्ही दोघंही विसरलो होतो.